बांडगूळ, अमरवेल आणि आपण

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांची चिठ्ठी आली. "सर, निवृत्त माणूस म्हणजे घरावरचं बांडगूळच, नाही का?" आम्ही तत्त्वज्ञानवाले. शब्द नीट वापरला जातोय का, हे तपासणं आमचं कामच. म्हणून आज थोडं वनस्पतिशास्त्र.

सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हिरव्या वनस्पती स्वतःचं अन्न बनवतात. या स्वयंपोषी. ज्यांना हे जमत नाही ते परपोषी. सगळे प्राणी, सगळ्या बुरशा आणि बहुतेक जिवाणू यांत आले.

आता आंब्याच्या फांदीवरचं बांडगूळ आठवा. पानं हिरवीगार! म्हणजे अन्न ते स्वतः तयार करतं. आंब्याकडून घेतं ते मुख्यतः पाणी आणि क्षार. फांदी त्यामुळे वाळते, नुकसान होतं, ते खरंच. पण फुकटचं जेवतं हा आरोप काही टिकत नाही.

तो आरोप अमरवेलीवर करा हवं तर. कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांचं जाळं पसरलेलं असतं ना, ती. पानं जवळजवळ नाहीतच. बी रुजलं की कोंबाजवळ थोडेच दिवस पुरेल एवढी शिदोरी असते. तेवढ्यात आधाराचं झाड सापडलं नाही तर मरण. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं, की अमरवेलीच्याच एका जातीचा कोंब टोमॅटोच्या रोपाच्या वासाच्या रोखाने वाढतो. झाड सापडलं की त्याला विळखा घालून शोषक मुळं आत घुसवायची, आणि जमिनीतलं मूळ वाळून जातं!

म्हणजे आपण दोन प्रश्नांची गल्लत करतो. अन्न स्वतः बनवतो का, हा एक. ज्याच्यावर जगतो त्याच्या जिवंत अंगातून ओढून घेतो का, हा दुसरा. बांडगूळ परजीवी आहे, पण परपोषी म्हणावं असं नाही. उलट सडक्या ओंडक्यावरची अळंबी परपोषी आहे, परजीवी नाही. तिला तोंड नाही, पोट नाही. पाचकरस बाहेर सोडायचा, लाकूड तिथेच पचवायचं आणि मग शोषून घ्यायचं. आधी पचन, मग जेवण!

कोकणात, गोव्यात पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवते, तिची गंमत आणखी वेगळी. वाळवी लाकूड, पाला चावून आणते आणि वारुळात त्यावर ही बुरशी वाढवते. लाकडातला कठीण भाग पचवायला वाळवीला बुरशीची मदत लागते, बुरशीला घर आणि खाद्य वाळवीकडून मिळतं. दोघंही परपोषी. यांत कोण कोणावर जगतंय, सांगा बघू?

तर चिठ्ठीवाले काका, पोषणाच्या हिशेबात तुम्ही परपोषी आहात, यात शंका नाही. तुमचा कमावता मुलगाही तेवढाच आहे. पगार तो आणतो. ताटातल्या भाताचं पिष्ट बनवलं ते भाताच्या हिरव्या पानांनी.