पाचांतली एक

मे २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाड इथं अमेरिकेच्या महाविद्यालयीन महिला गोल्फची राष्ट्रीय अंतिम लढत रंगली. एका बाजूला गतविजेतं स्टॅनफर्ड होतं. वर्षभर ऊन आणि हिरवळ लाभलेलं हे विद्यापीठ, जगातल्या उत्तमोत्तम मुली तिथं जायला उत्सुक असतात. दुसऱ्या बाजूला होतं शिकागोला खेटून असलेलं नॉर्थवेस्टर्न. तिथल्या मुलींना हिवाळ्याचे महिने छपराखालीच चेंडू मारावा लागतो, कारण बाहेर बर्फ असतो. नॉर्थवेस्टर्ननं ती लढत ३-२ अशी जिंकली आणि पहिल्यांदाच राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. गोल्फ शिकायचं तर फ्लोरिडा, टेक्सास किंवा ॲरिझोनाच गाठायला हवं, हा पालकांच्या मनातला पक्का समज त्या दिवशी चांगलाच हलला असणार.

हवामान बघून कॉलेज ठरवणं चूक नाही, पण तेवढंच बघणं अपुरं आहे. नुसतं नाव बघून ठरवणं तर त्याहून महागात पडतं. पुण्या-मुंबईत किंवा न्यू जर्सीत वाढणारी, गोल्फ मनापासून खेळणारी मराठी मुलगी अमेरिकेत शिकायचा विचार करू लागली की घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘कुठलं मोठं कॉलेज मिळेल?’ हा. खरं तर पहिला प्रश्न असायला हवा, ‘कुठल्या संघात हिला खेळायला मिळेल?’

त्यासाठी महाविद्यालयीन गोल्फची मांडणी समजून घ्यायला हवी. एका स्पर्धेत प्रत्येक संघाच्या पाच मुली उतरतात आणि दर फेरीला त्यांतल्या सर्वांत कमी फटके घेणाऱ्या चौघींचे आकडे मोजले जातात. समजा, एखाद्या फेरीत पाच जणींनी ७२, ७४, ७५, ७८ आणि ८३ फटके घेतले. त्यातले ८३ बाजूला पडतात आणि संघाची बेरीज होते २९९. संघात मुली असतात सात, आठ किंवा नऊ. म्हणजे दर स्पर्धेला दोन-चार जणी कॉलेजमध्येच राहतात. पाचांत कोण जाणार, हे बहुतेक ठिकाणी स्पर्धेआधीच्या संघांतर्गत निवड फेऱ्यांवर ठरतं. काही प्रशिक्षक सगळ्या पाच जागा या फेऱ्यांवर सोडतात, काही जण एक-दोन जागा स्वतःच्या हातात ठेवतात.

म्हणून कुठलंही कॉलेज बघताना त्या संघाच्या पहिल्या क्रमांकाच्या मुलीकडे बघून फारसं काही कळत नाही. चौथी आणि पाचवी मुलगी किती फटके घेते, ते बघावं. संघांचे निकाल इंटरनेटवर खुले असतात. गेल्या दोन हंगामांचे निकाल उघडायचे, चौथ्या-पाचव्या मुलीची सरासरी काढायची आणि ती आपल्या मुलीच्या सरासरीशेजारी ठेवायची. ही तुलना करतानाही एक जपायला हवं. महाविद्यालयीन स्पर्धांची मैदानं साधारण सहा हजार यार्ड किंवा त्याहून लांब असतात. साडेपाच हजार यार्डांच्या ओळखीच्या मैदानावर, ओळखीच्या वाऱ्यात घेतलेले ७३ फटके तिथं ७३ राहत नाहीत. प्रशिक्षकांना हे पाठ असतं. मुलीनं नुसता आकडा लिहून पाठवला तर ते लगेच विचारतात, मैदान कुठलं, लांबी किती, त्याचं रेटिंग किती.

अमेरिकेत मुलींना गोल्फसाठी एवढी दारं उघडी का आहेत, याचं उत्तर १९७२ सालच्या ‘टायटल नाइन’ या कायद्यात आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगावरून भेदभाव करायला त्यानं मनाई केली. मुलांच्या अमेरिकन फुटबॉलच्या भल्यामोठ्या संघांसमोर तोल साधायचा तर मुलींसाठी इतर खेळांचे संघ उभे करणं कॉलेजांना भाग पडलं. एनसीएए या मुख्य संघटनेनं महिला गोल्फची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९८२ मध्ये भरवली. आज तिच्या एकट्या पहिल्या विभागात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, अडीचशेहून अधिक महिला संघ आहेत. खाली डिव्हिजन टू आणि थ्री आहेत, शिवाय एनएआयए ही वेगळी संघटना आणि दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांची आणखी एक.

‘खाली’ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, पण विल्यम्स, ॲमहर्स्ट, एमरी यांच्यासारख्या अभ्यासात अव्वल मानल्या जाणाऱ्या संस्था याच विभागात आहेत. नॉर्थ कॅरोलिनातलं मेथडिस्ट विद्यापीठ याच विभागातलं. त्याच्या मुलींनी राष्ट्रीय विजेतेपदं इतक्या वेळा जिंकली आहेत की गोल्फच्या वर्तुळात त्याचं नाव आदरानं घेतलं जातं. डिव्हिजन वनच्या आघाडीच्या संघात पारच्या आसपास खेळणारी मुलगी लागते. डिव्हिजन थ्रीच्या कितीतरी संघांत ऐंशीच्या घरात खेळणारी मुलगी नियमित मैदानात उतरते. जिचा खेळ अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी फुलणार आहे तिच्यासाठी दर पंधरवड्याला स्पर्धेत उतरणं हे मोठ्या नावाच्या संघात बाकावर बसण्यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

पैशाची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. डिव्हिजन वनच्या महिला संघाला २०२५ पर्यंत सहा पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम वाटता यायची (मुलांच्या संघाला साडेचार). प्रशिक्षक ती तुकड्यातुकड्यांनी वाटत, कुणाला पूर्ण, कुणाला अर्धी, कुणाला पुस्तकांपुरती. जून २०२५ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंच्या मोबदल्याविषयीच्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड न्यायालयानं मान्य केली आणि चित्र बदललं. ती तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांवर शिष्यवृत्त्यांच्या संख्येची मर्यादा उरली नाही, त्याऐवजी संघाच्या आकाराला मर्यादा आली. गोल्फसाठी ती नऊ खेळाडूंची आहे. कागदावर नऊही जणींना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. पण देता येते याचा अर्थ मिळते असा नाही. तेवढा पैसा किती कॉलेजं खर्च करतील, हे प्रत्येकाच्या तिजोरीवर अवलंबून आहे. ‘मुलींच्या गोल्फमध्ये शिष्यवृत्त्या पडून असतात’ ही पालकांत फिरणारी आवई तर डोक्यातून काढूनच टाकावी. प्रशिक्षकाला थेट विचारायचं, रक्कम किती, एका वर्षापुरती की चार वर्षांची, आणि दुखापत झाली तर ती चालू राहते का.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांचा समावेश असलेल्या आयव्ही लीगमध्ये डिव्हिजन वनचं गोल्फ आहे, पण खेळाची शिष्यवृत्ती नाही. तिथं मदत मिळते ती कुटुंबाच्या आर्थिक गरजेनुसार. या तिन्ही विद्यापीठांत आणि ॲमहर्स्टमध्ये परदेशी विद्यार्थिनीलाही प्रवेश देताना तिची ऐपत बघितली जात नाही आणि प्रवेश मिळाला तर पूर्ण गरज भागवली जाते. मध्यमवर्गीय भारतीय घरासाठी ही वाट पुष्कळदा अर्ध्या खेळाच्या शिष्यवृत्तीपेक्षा स्वस्त पडू शकते. अभ्यास मात्र त्या तोडीचा हवा.

आता प्रशिक्षकांच्या मौनाविषयी. नववी-दहावीतली मुलगी उत्साहानं वीस प्रशिक्षकांना ईमेल पाठवते आणि एकही धड उत्तर येत नाही. घरात निराशा पसरते. खरं कारण नियमात आहे. डिव्हिजन वनचे प्रशिक्षक दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत मुलीशी भरतीविषयी बोलू किंवा लिहू शकत नाहीत. माहितीचा फॉर्म किंवा शिबिराचं पत्रक तेवढं पाठवता येतं. तरीही आलेली ईमेल ते वाचतात आणि नाव टिपून ठेवतात. १५ जूनला फोन वाजू लागतात आणि १ ऑगस्टपासून कॉलेजला भेटी देता येतात. डिव्हिजन थ्रीमध्ये फोन आणि ईमेलवर असं बंधन नाही.

ईमेल मुलीनं स्वतः लिहावी. हे सांगावं लागतं, कारण आपल्याकडे बाबाच लिहितात. स्पर्धांचं वेळापत्रक, मैदानांच्या लांबीसह निकाल, शाळेतले गुण, स्विंगची छोटी चित्रफीत, बास. प्रशिक्षक ज्युनियर स्पर्धेला येतो तेव्हा त्याला फटका तर बघायचा असतोच, पण डबल बोगी झाल्यावर मुलगी पुढच्या टीवर कशी चालत जाते, बॅग कशी ठेवते, फेरी संपल्यावर आईवडिलांशी कोणत्या सुरात बोलते, यावरही त्याची नजर असते. या मुलीसोबत चार वर्षं व्हॅनमधून प्रवास करायचा आहे, हे त्याच्या डोक्यात असतं. वडीलही नजरेतून सुटत नाहीत.

वेळेचा हिशेब तर कुणी आधी सांगतच नाही. नियमानुसार हंगामात आठवड्याला वीस तासांहून जास्त सराव घेता येत नाही. वाचायला बरं वाटतं. पण त्याच नियमात स्पर्धेचा दिवस, तो कितीही लांबला तरी, तीनच तासांचा धरतात. पुष्कळ महाविद्यालयीन स्पर्धांत पहिल्या दिवशी ३६ होल खेळतात. सकाळी उजाडताच सुरुवात, बॅग स्वतःची स्वतः ओढायची, दुपारचं जेवण चालता चालता आणि थांबेपर्यंत संध्याकाळ. दहा-अकरा तास मैदानात आणि वहीत तीन. प्रवास तर मोजलाच जात नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर आणि फेब्रुवारी ते मे अशा दोन्ही सत्रांत हे चालतं. त्यामुळे विषयाची निवड आणि कॉलेजची निवड वेगळी करता येत नाही. दुपारी प्रयोगशाळा असणाऱ्या अभियांत्रिकीच्या किंवा नर्सिंगच्या विद्यार्थिनीला सराव कसा जुळवून देतात, हे त्या संघात आज तोच विषय घेतलेल्या मुलीला विचारावं. तशी एकही मुलगी संघात नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

कॉलेजची वाट धरावीच का, असाही प्रश्न येतो. बंगळुरूच्या अदिती अशोकनं ती धरली नाही. २०१६ मध्ये ती व्यावसायिक झाली, त्याच वर्षी रिओ ऑलिंपिक खेळली आणि पुढे टोकियोत तिचं पदक एका क्रमांकानं हुकलं. इतकी तयारी असलेली मुलगी विरळा. उलट स्वीडनची ॲनिका सोरेनस्टॅम आणि मेक्सिकोची लोरेना ओचोआ या दोघीही ॲरिझोना विद्यापीठातून घडल्या. स्टॅनफर्डच्या रोझ झँगनं २०२२ आणि २०२३ ची वैयक्तिक विजेतेपदं जिंकून, व्यावसायिक म्हणून पहिलीच स्पर्धा खिशात घातली आणि पदवीचा अभ्यासही सुरू ठेवला. इंग्लंडची लॉटी वोड फ्लोरिडा स्टेटमधून आली आणि २०२५ च्या जुलैमध्ये तिनंही व्यावसायिक म्हणून पहिल्याच स्पर्धेत बाजी मारली. न्यू जर्सीत वाढलेली भारतीय वंशाची मेघा गन्ने स्टॅनफर्डकडून खेळत असतानाच २०२५ ची अमेरिकन महिला ॲमॅच्युअर स्पर्धा जिंकली. ही नावं स्फूर्ती देतात, पण संघांतल्या बहुसंख्य मुली व्यावसायिक होत नाहीत. त्यांना पदवी कामी येते.

महाराष्ट्रातून थेट जाणाऱ्या मुलीला कागदपत्रांचं भान लवकर यावं लागतं. एनसीएएचं पात्रता केंद्र नववीपासूनचे गुण मागतं. आपल्याकडे नववीला फारसं कुणी गांभीर्यानं घेत नाही, गुणपत्रिका फाइलमध्ये कुठंतरी पडलेली असते. ती शाळेच्या शिक्क्यासह जपून ठेवावी. डिव्हिजन वनसाठी इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं अशा गटांतले १६ मुख्य विषय आणि त्यांत अमेरिकन श्रेणीपद्धतीनं किमान २.३ सरासरी (जीपीए) लागते. सॅट किंवा एसीटी हा पात्रतेचा नियम २०२३ मध्ये निघाला, तरी काही विद्यापीठं प्रवेशासाठी ती परीक्षा मागतातच. बारावीनंतर दोन वर्षं नुसतं खेळून मग जाऊ, हा बेत धोक्याचा, कारण उशिरा दाखल होणाऱ्याच्या खेळाच्या वर्षांवर गदा येऊ शकते. आणि एक, अमेरिकन मुली आता स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे कमावतात, पण एफ-१ व्हिसावर गेलेल्या विद्यार्थिनीवर कामाची बंधनं असतात. ते उत्पन्न घरच्या हिशेबात धरू नये.

राहिली भेट. प्रशिक्षक बोलावतो, मैदान दाखवतो, नव्याकोऱ्या लॉकरवर मुलीचं नाव लावलेलं असतं. ते सगळं छानच असतं. पण तिनं संघातल्या मुलींसोबत, प्रशिक्षक जवळ नसताना, एक जेवण तरी घ्यावं. गेल्या दोन वर्षांत किती जणी हे कॉलेज सोडून दुसरीकडे गेल्या, ते विचारावं. २०२४ पासून कॉलेज बदलण्याच्या संख्येवरचं बंधन उठलं आहे, त्यामुळे प्रशिक्षकही नव्या मुलीऐवजी दुसऱ्या कॉलेजातली तयार खेळाडू घेऊ शकतो. पाचांत नसलेल्या मुलींचा आठवडा कसा जातो, त्यांच्याकडे कुणी लक्ष देतं का, हे आवर्जून विचारावं. आणि हाच प्रशिक्षक उद्या सोडून गेला, खांदा दुखावून वर्षभर क्लब हातात धरता आला नाही, तरी या गावात, या वर्गांत राहायला आवडेल का, याचं उत्तर परतीच्या प्रवासात मुलीनं द्यावं, आईवडिलांनी फक्त ऐकावं.