ऊन आणि गिऱ्हाईक

चित्रकलेच्या कॉलेजात न गेलेल्या माणसाला दोन शिक्षक मिळतात. एक ऊन आणि दुसरं गिऱ्हाईक. दोघंही सांभाळून घेत नाहीत. मी जे काही जलरंग शिकले, ते या दोघांच्या हाताखाली.

शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिल्या. त्यापुढे रीतसर शिक्षण नाही. वाणिज्य शाखेची पदवी, साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत नोकरी आणि रविवारी पहाटे स्कूटरला रंगांची पिशवी अडकवून वाई, मेणवली नाहीतर धोमचा रस्ता, असा माझा क्रम. ऑर्डरची चित्रं त्यानंतर सुरू झाली. आता महिन्यातले बरेच रविवार कोणाच्या तरी सांगण्यावरून जातात, तरी उरलेले मी नदीच्या घाटासाठी राखून ठेवते. घाटावर बसणं थांबलं की ऑर्डरचं कामही निर्जीव व्हायला लागतं, हा माझा अनुभव आहे.

सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, हे भूगोलात सगळ्यांनी वाचलेलं असतं. पायरीवर कागद मांडून बसलं की ते डोळ्यांदेखत घडतं. बसताना देवळाची सावली खाली तिसऱ्या पायरीवर टेकलेली असते, रेखाटन संपेपर्यंत ती दुसरीवर आलेली असते. म्हणून बाहेर बसल्यावर आधी सावल्या ठरवायच्या. त्यांच्या कडा पेन्सिलीने बांधून घ्यायच्या आणि नंतर ऊन कुठेही गेलं तरी त्या हलवायच्या नाहीत. नाहीतर चित्रात एक भिंत आठची आणि दुसरी दहाची होते. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं.

मेणवलीचा घाट काळ्या पाषाणाचा. तो ट्यूबमधला काळा घेऊन रंगवला तर कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. सकाळी त्या दगडाची उन्हाकडची बाजू तांबूस करडी असते. सावलीतली बाजू निळसर जांभळी दिसते, कारण तिथे थेट ऊन पोचत नाही, आकाशाचा उजेड पोचतो. पाण्याजवळच्या कोनाड्यांत आणखी एक गंमत असते. कृष्णेवरून परतलेलं ऊन खालून वर चढतं आणि कोनाड्याची आतली वरची बाजू उजळ, ऊबदार दिसते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या दोनच रंगांतून हे सगळे करडे निघतात. निळा वाढवला की सावली, तपकिरी वाढवला की ऊन. पाणी किती घालायचं ते मात्र हात घोळवूनच कळतं. शिवाय जलरंग वाळला की फिका पडतो, तेव्हा ओला असताना जरा जास्तच गडद वाटेल एवढा लावायचा. हे धाडस यायला मला बराच काळ लागला.

मे महिन्यात वाईत आकाशाचा वॉश अर्ध्यावर असतानाच वरची कड वाळते आणि रेघ उमटते. त्यावर उपाय म्हणजे कागद मागून आधी भिजवून घ्यायचा. तीनशे ग्रॅमचा सुती कागद पाणी धरून ठेवतो. पावसाळ्यात पाचगणीला उलट त्रास. धुक्यात वॉश वाळतच नाही आणि डोंगराचा रंग आकाशात चढतो. श्रावणातला हिरवा तर मोठ्या हातांनाही दमवतो. सगळीकडे एकच हिरवा आहे असं वाटतं आणि ट्यूबमधला सॅप ग्रीन सरसकट लावला की डोंगर प्लॅस्टिकचा होतो. मी हिरवी ट्यूब घरीच ठेवते. पिवळा, निळा आणि थोडा तपकिरी, यांतून भाताचा हिरवा वेगळा निघतो, आंब्याचा वेगळा. छत्री न्यायची ती काळी किंवा पांढरी. लाल छत्रीखाली पांढरा कागदच गुलाबी दिसतो, मग रंगाचा अंदाज कुठून येणार?

बघे जमतातच. "ताई, फोटो काढा आणि घरी निवांत रंगवा की," हा सल्ला प्रत्येक गावात मिळतो. तो आपुलकीचा असतो, म्हणून त्याचं उत्तर मी नीट देते. मोबाइलमध्ये आकाश बरोबर आलं तर सावली काळी पडते आणि सावली उघडली तर आकाश पांढरं होतं. डोळा दोन्ही एकदम बघतो. आणि आपल्याकडच्या उन्हात रंग खरे राहतात ते सावलीतच.

बघ्यांकडून माहितीही मिळते. वाईच्या ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. त्याची नदीकडची पिछाडी माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी जावं म्हणून. मी समोरून देऊळ रंगवत होते. धुतलेलं धोतर खांद्यावर टाकून उभे असलेले एक आजोबा बराच वेळ बघत होते. ते म्हणाले, "पोरी, पाठीमागं जाऊन बस. देवाचं काम पुढं, गवंड्याचं काम मागं." गेले. पुराच्या गाळाची फिकट रेघ त्या निमुळत्या दगडी अंगावर उमटलेली होती. त्या रेघेमुळेच चित्रात भिंतीला उंची आली आणि नदी न काढताही नदी आली.

बाईने एकटीने बाहेर बसायचं तर काही पथ्यं पाळावी लागतात. पाठ भिंतीला लावून बसलं की मागे कोणी उभं राहत नाही. निर्जन जागी मी एकटी जात नाही. शहरात सोबत मिळते. २००७ मध्ये सिएटलमधून सुरू झालेल्या 'अर्बन स्केचर्स' या चळवळीचे गट मुंबईत आणि पुण्यात आहेत. जागेवर बसून काढायचं, हा त्यांचा मुख्य नियम. नवशिक्याला त्या घोळक्यात फार आधार वाटतो.

बाहेर जाऊन रंगवणं सोपं झालं ते एका साध्या शोधामुळे. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगाच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. आपल्याकडे दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत शाईपासून सुरुवात केली. त्यांच्या 'कॅम्लिन'ने पुढे घरोघरी रंगपेटी पोचवली. पुण्याची हातकागद संस्था १९४०ची. तिथल्या जाड, खडबडीत कागदावर शिकताना मी मनसोक्त पाणी सांडलं आहे. परदेशी कागद महाग आहे म्हणून हात आखडतो, त्यापेक्षा हे बरं.

शिक्षणाचा शिक्का नसल्याचा संकोच वाटायचा तेव्हा मला कोल्हापूरने धीर दिला. कोटितीर्थाच्या तळ्याची निरनिराळ्या प्रहरांची चित्रं काढणारे आबालाल रहिमान जे. जे. कलाशाळेत शिकलेले होते. पण त्याच गावातले बाबूराव पेंटर कुठल्याही कलाशाळेत गेले नव्हते. चित्रपटमहर्षी म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. त्याआधी ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. पडदा म्हणजे ऑर्डरचंच काम. माप कंपनीचं, प्रसंग नाटकाचा, तारीख ठरलेली, आणि त्यातून राजवाडा असा उभा करायचा की प्रेक्षकांना खोली दिसावी. राजा रविवर्माही तैलरंग बरेचसे बघून आणि करून शिकले. त्रावणकोर दरबारी आलेल्या थिओडोर जेन्सन या चित्रकाराला काम करताना बघण्याची परवानगी मिळाली, तेवढंच. पुढे सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून बडोद्यासाठी चौदा पौराणिक चित्रं करून घेतली. सांगून करवून घेतलेलं काम हलकं, असं म्हणणाऱ्यांनी ही नावं आठवावीत.

माझ्याकडे येणाऱ्या ऑर्डरी साध्या असतात. निवृत्तीची भेट, नव्या घरासाठी गाव, आणि सगळ्यात जास्त गेलेल्या आईवडिलांची व्यक्तिचित्रं. फोटो हमखास एकच असतो, तोही रेशनकार्डावरचा किंवा पासबुकातला. समोरून फ्लॅश पडलेला असतो, त्यामुळे नाक, गाल, हनुवटी सगळं सपाट. सावली नसलेल्या चेहऱ्याला आकार देणं अवघड असतं. मी मुलांना समोर बसवते. जबड्याची ठेवण, भुवईखालचं हाड बऱ्याचदा पुढच्या पिढीत उतरलेलं असतं. आणि विचारते: पदर कसा घ्यायच्या? हसताना मान कुठे कलायची? एका बाईंनी कच्चं रेखाटन बघून सांगितलं, "आईचं कुंकू मधोमध कधी नसायचं, जरा उजवीकडे असायचं. आरसा तडकलेला होता आमचा." फोटोत ते धूसर होतं, कळत नव्हतं. कुंकू हलवलं आणि त्या बाई तिथेच बसून राहिल्या.

व्यवहाराचं बोलायला चित्रकार लाजतात. मी आधी पोस्टकार्डाएवढं रंगीत रेखाटन दाखवते. ते मान्य झालं की निम्मी रक्कम आगाऊ घेते, उरलेली चित्र देताना. किती बदल करणार हेही लिहून ठेवते. जलरंगात एकदा बुडालेला पांढरा कागद परत येत नाही, हे गिऱ्हाइकाला सुरुवातीलाच सांगावं. रंगांबाबतही प्रामाणिक राहावं लागतं. ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक असतो. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, तो टिकतो. पीआर ८३ म्हणजे जुना अलिझरिन क्रिमसन, दिसायला देखणा, पण उजेडात उडतो. पैसे घेऊन केलेल्या चित्रात तो वापरायचा नाही. चित्र काचेत, मागेपुढे आम्लमुक्त पुठ्ठा घालून मढवावं आणि ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नये, एवढं मी लेखी देते.

एका संस्थेने माझ्याकडून करून घेतलेलं घाटाचं चित्र पुढच्या वर्षी आपल्या दिनदर्शिकेवर छापलं, न विचारता. मनाला लागलं, म्हणून वकिलांना भेटले. तेव्हा १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ कळलं. मोबदला देऊन कोणी सांगून करून घेतलेल्या चित्राचा पहिला कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याचा असतो. आपणहून काढलेलं चित्र नंतर विकलं, तर कागद घेणाऱ्याचा आणि कॉपीराइट आपला. कलम ५७ प्रमाणे चित्रकार म्हणून आपला हक्क दोन्ही बाबतींत राहतोच. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प काढून टाकताना मोडलं, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच कलमाच्या आधारे त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुनर्मुद्रणाबद्दलची एक ओळ आता माझ्या प्रत्येक करारात असते. शिकणाऱ्या प्रत्येकाने ती लिहावी.

ऊन आणि गिऱ्हाईक दोघं एकदम भेटतात ती ऑर्डर वाड्याची. वाईतला असा एक वाडा बिल्डरकडे जायचा होता. थोरल्या भावाने दर्शनी बाजूचं चित्र सांगितलं. सकाळी साडेआठला दिंडी दरवाजावर तिरपं ऊन येतं, पितळी फुल्यांच्या सावल्या लाकडावर लांब पडतात, ती वेळ मी धरली. चित्र झालं. मग धाकट्याने तसंच दुसरं मागितलं, बहिणींनीही. तसंच दुसरं करायला मी नकार दिला. तुम्हाला वाडा कुठून दिसतो ते सांगा, तिथे बसते, म्हटलं. धाकट्याने आड सांगितला, कारण रहाट ओढायचं काम त्याचं होतं. मोठ्या बहिणीने माडीचा जिना सांगितला. तिथे ऊन येतच नव्हतं, चौकातून परतलेल्या उजेडावर सगळं काम करावं लागलं. धाकटी बहीण म्हणाली, मला मागचं दार हवं, लग्न होऊन गेले तरी माहेरी यायचे ते त्याच दाराने. ते दार उत्तरेला होतं. वरची कौलं तेवढ्यात उतरवली गेली होती, त्यामुळे कधी न पडणारं ऊन त्या उंबऱ्यावर पडलेलं होतं. तिला फोन करून विचारलं, सावली लावू की आहे ते ऊन ठेवू? ती म्हणाली, "असू दे ऊन."