उघडी फाइल, अडलेली नोंद

पतसंस्था, सार्वजनिक वाचनालय, शाळेचे कार्यालय किंवा एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे दप्तर, अशा ज्या ज्या ठिकाणी मोठ्या संगणकप्रणालीचा खर्च झेपण्याजोगा नसतो आणि कागदी खतावणीवर तर काम भागेनासे झालेले असते, तेथे तेथे १९९२ साली बाजारात आलेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसने निमूटपणे आपली चाकरी बजावली आहे. टेबले, क्वेरी, फॉर्म आणि अहवाल हे सारे एकाच फाइलमध्ये सामावून घेणारा, ती फाइल शेजारच्या संगणकांनाही एकाच वेळी वापरू देणारा, आणि त्यासाठी निराळ्या डेटाबेस-सर्व्हरची अपेक्षा न धरणारा असा हा सोयीचा कार्यक्रम आहे. परंतु या सोयीच्या पोटीच एक ठरावीक तक्रार जन्मास येते. सभासदाचा पत्ता बदलावा म्हणून कारकून नोंद उघडतो, पहिले अक्षर टंकू पाहतो, आणि ती नोंद दुसऱ्या कोणाच्या ताब्यात आहे असा संदेश पडद्यावर उमटतो. किंवा सगळी फाइलच केवळ वाचनापुरती उघडते आणि दुरुस्तीस मज्जाव होतो.

मोठ्या डेटाबेसमध्ये सर्वांचे अर्ज एका सर्व्हरकडे जातात आणि कोणाचा बदल आधी, कोणाचा नंतर, हे तोच ठरवितो. ॲक्सेसमध्ये असा शिरस्तेदार नाही. एकच खतावणी मधल्या मेजावर ठेवून चार कारकुनांनी आपापल्या खुर्चीतून तीत लिहावे, तसे प्रत्येकाच्या संगणकावरील इंजिन थेट मूळ फाइललाच हात घालते. या चौघांच्या लेखण्या एकमेकींवर आदळू नयेत यासाठी, फाइल सामायिक रीतीने उघडणारा पहिला मनुष्य आत येताच, त्याच फोल्डरात त्याच नावाची एक छोटी फाइल आपोआप निर्माण होते. नव्या प्रकारच्या फाइलींत तिच्या नावाच्या शेवटी 'एलएसीसीडीबी' असते, जुन्या एमडीबी फाइलींत 'एलडीबी'. आत येणाऱ्या प्रत्येकासाठी तीत ६४ बाइटांची जागा राखलेली असते, ३२ संगणकाच्या नावासाठी आणि ३२ वापरकर्त्याच्या नावासाठी. एका वेळी २५५ जणांपलीकडे प्रवेश नसल्याने ही फाइल १६ किलोबाइटांहून कधी वाढत नाही. वापरकर्त्याचे नाव बहुधा सर्वांचेच 'ॲडमिन' असते, त्यामुळे तपासात उपयोगी पडते ते संगणकाचे नाव.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे, कारण बहुतेकांची फसगत नेमकी येथेच होते. या हजेरीपटावर येणाऱ्याची नोंद होते, जाणाऱ्याची होत नाही. मनुष्य फाइल बंद करून घरी गेला तरी त्याचे नाव, ती जागा दुसऱ्या कोणी घेईपर्यंत, तसेच राहू शकते. खरा अटकाव त्या नावात नसतोच. तो या छोट्या फाइलच्या अशा बाइटांवर घातलेला असतो की जे प्रत्यक्षात तिच्यात अस्तित्वातच नसतात. फाइलच्या अखेरीपलीकडील, केवळ काल्पनिक अशा स्थानांवर ॲक्सेस कबजा मागते आणि संगणकाची कार्यप्रणाली तो नोंदवून घेते. अशा बाइटांवर काही लिहावयाचे नसते, केवळ 'ही जागा घेतलेली आहे' एवढे इतरांस कळावयाचे असते. ही युक्ती मला तरी मोठी चतुर वाटते. तात्पर्य, पटावर नाव दिसले एवढ्यावरून त्या मनुष्यास दोषी धरणे अन्यायाचे होईल.

मग तपास करावा कसा? प्रथम हे पाहावे की अडले आहे ते सबंध दप्तर की एकच नोंद. सबंध फाइलच अडली असेल, तर कोणी तरी ती एकट्यापुरती उघडली आहे, किंवा कोणी फॉर्मच्या अथवा अहवालाच्या रचनेत फेरफार करीत बसला आहे. रचनेतील बदलांस ॲक्सेसला संपूर्ण एकाधिकार लागतो. याहूनही वारंवार आढळणारे, परंतु क्वचितच कोणाच्या लक्षात येणारे कारण म्हणजे फोल्डरावरील परवानग्या. व्यवस्थापकाने सावधगिरी म्हणून लोकांना मूळ फाइलवर लिहिण्याची मुभा दिलेली असते, पण त्या फोल्डरात नवी फाइल निर्माण करण्याची व ती काढून टाकण्याची मुभा दिलेली नसते. ती नसली की ही छोटी फाइल उत्पन्नच होत नाही आणि मूळ फाइल रीतसर सामायिकपणे उघडत नाही. किंवा सर्वांत शेवटी निघणाऱ्यास ती पुसता येत नाही आणि ती बेवारस पडून राहते. दोष यंत्राचा नसून बंदोबस्ताचा असतो, आणि तो दूर करणे पाच मिनिटांचे काम असते.

अडली असेल ती एखादी नोंदच, तर प्रकरण थोडे सूक्ष्म होते. ॲक्सेस आपला मजकूर पानांमध्ये साठविते. २००० सालच्या आवृत्तीपासून हे पान ४ किलोबाइटांचे, त्यापूर्वी २ किलोबाइटांचे. अटकाव पानावर घातला गेला, तर त्या पानावरील शेजारच्या नोंदीही विनाकारण अडकतात, आणि जोशी यांचा पत्ता बदलणाऱ्यामुळे जाधव यांची थकबाकी लिहिता येत नाही. केवळ एका नोंदीपुरता अटकाव घालण्याची सोय त्याच आवृत्तीत आली. मात्र फाइलमध्ये पहिला प्रवेश ज्याचा, त्याच्या संगणकावरील निवड सर्वजण बाहेर पडेपर्यंत सर्वांना लागू होते, म्हणून ही निवड प्रत्येक संगणकावर सारखीच ठेवावी. फॉर्मच्या गुणधर्मांत 'सर्व नोंदी' हा पर्याय कोणी निवडून ठेवला असेल, तर तो फॉर्म कोणी नुसता उघडला तरी सारे टेबलच इतरांस दुरुस्तीसाठी बंद होते. उलट 'अटकाव नाही' हा पर्याय असेल, तर दोघेही लिहितात आणि जो नंतर जतन करतो त्याच्यापुढे आपला बदल जतन करावा, नक्कल करून ठेवावा, की सोडून द्यावा अशी तिहेरी विचारणा येते. लोक ती न वाचताच पहिले बटण दाबतात आणि सहकाऱ्याने केलेला बदल बिनदिक्कत पुसून टाकतात.

पुष्कळदा तर दुसरा कोणी नसतोच. फॉर्ममध्ये अर्धवट बदललेली नोंद उघडी ठेवून त्याच टेबलावर दुरुस्तीची क्वेरी चालविली, तर मनुष्य स्वतःच स्वतःला अडवितो. किंवा खिडकी बंद झाली तरी ॲक्सेस संगणकाच्या स्मृतीत तग धरून बसते, आणि टास्क मॅनेजर उघडून तेथून तिला निरोप द्यावा लागतो. बेरजेची क्वेरी मुळातच दुरुस्तीयोग्य नसते, आणि झिप फाइलच्या आतूनच उघडलेला डेटाबेस लिहू देत नाही; या दोहोंचा अटकावाशी काही संबंध नाही.

फाइल ज्या संगणकावर आहे त्याच्या 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मध्ये सामायिक फोल्डरांखाली उघड्या फाइलींची यादी मिळते. कोण आत आहे याची खातरजमा तेथे करावी आणि त्या गृहस्थास आपले काम जतन करून बाहेर येण्यास सांगावे. तेथूनच जबरदस्तीने संबंध तोडता येतो, पण पान अर्धे लिहिले गेले असताना तो तुटला तर फाइलच नासण्याचा धोका असतो. सर्व बाहेर पडल्यावरही ती छोटी फाइल उरली असेल तर मात्र ती खुशाल पुसावी. एखाद्याचा कबजा अजून शिल्लक असेल तर विंडोज बहुधा स्वतःच ती पुसू देत नाही, आणि हा नकारच पुरावा समजावा. त्यानंतर मूळ फाइलची एक प्रत बाजूस ठेवून 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवावे. त्यालाही एकाधिकार लागतो, म्हणून ते कार्यालय सुटल्यावरचे काम.

ज्या कार्यालयात हा प्रसंग नित्याचा झाला असेल, तेथे फाइलचे दोन भाग करणे इष्ट. टेबले तेवढी सामायिक फोल्डरात राहावीत आणि फॉर्म, क्वेरी, अहवाल यांची निराळी प्रत प्रत्येकाच्या संगणकावर असावी. ॲक्सेसमध्ये त्यासाठी तयार साधन आहे. मात्र टेबलांची ही फाइल वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्ससारख्या फोल्डरात ठेवण्याचा मोह टाळावा, कारण तेथे प्रत्येकाच्या संगणकावर निरनिराळी प्रत उघडते, एकाचा अटकाव दुसऱ्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि संध्याकाळी एकाच दिवसाची दोन दप्तरे तयार होतात, ज्यांची रुजवात मग हातानेच घालावी लागते.