शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करणे ही आपल्या घराघरांतील जुनी रीत आहे. संख्याशास्त्रातील अनुमान म्हणजे याच रीतीचे शास्त्र होय. आमचे शाळेतील शिक्षण बेताचेच. कामगारांच्या महागाई भत्त्याचा हिशेब समजून घेता घेता पुस्तके चाळून आम्ही हे शास्त्र शिकलो. अर्थशास्त्र घेऊन बी. ए. करणारी कामगारांची मुले-मुली शहाड-उल्हासनगरात आज पुष्कळ आहेत. सूत्रे त्यांना पाठ असतात. परंतु त्या सूत्रांशी घरच्या पगाराचा संबंध आहे, हे त्यांना क्वचितच कोणी सांगते.

एक उदाहरण घेऊ. आपल्या भागातील हजारो कामगार कुटुंबांपैकी किती कर्जबाजारी आहेत, हे जाणायचे आहे. सर्वांच्या दारी जाणे शक्य नाही. म्हणून सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून 400 कुटुंबे निवडली. त्यांत 120, म्हणजे शेकडा 30, कर्जात निघाली. मग साऱ्या भागाचे प्रमाण नेमके 30 मानावे काय? नाही. दुसऱ्या 400 चिठ्ठ्या निघाल्या असत्या, तर आकडा 28 किंवा 33 आला असता. या फरकाचेही गणित आहे. 0.3 ला 0.7 ने गुणावे, 400 ने भागावे आणि वर्गमूळ काढावे. उत्तर सुमारे शेकडा 2.3 येते. त्याची दुप्पट दोन्ही बाजूंना धरली की साधारण 25 ते 35 हा पल्ला मिळतो. असे शंभर नमुने घेऊन शंभर पल्ले काढले, तर त्यांतील सुमारे 95 पल्ल्यांत खरा आकडा सापडेल. शास्त्र आश्वासन देते ते एवढेच. चूक निम्मी करावयाची, तर कुटुंबे दुप्पट नव्हे, चौपट घ्यावी लागतात.

ही झाली योगायोगाची चूक. दुसरी चूक एकतर्फी असते, आणि ती या सूत्रात दिसत नाही. चिठ्ठ्या न टाकता सकाळी शहाड स्टेशनाबाहेर उभे राहून माणसे विचारली, तर नोकरीवर निघालेलेच भेटतील. बेकार, किंवा घरी शिलाईकाम करणाऱ्या बाया गणतीतून सुटतील. 400 ऐवजी 4000 माणसे विचारली तरी ही चूक हटत नाही. उलट पल्ला अरुंद होऊन चुकीचा आकडा अधिक खात्रीचा वाटू लागतो. भात न ढवळता वरचीच शिते चाचपली, तर खालचा करपलेला थर कळणार कसा?

सातारा जिल्ह्यातील बुध गावी 1911 साली जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांनी हीच गोष्ट शेतात दाखविली. पिकाचा अंदाज घेण्यासाठी फार लहान तुकडे कापले, की कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न फुगलेले दिसते. असे तुकडे कितीही वाढवले तरी फुगवटा जात नाही.

कामगारांना या चुकीचा फटका मुंबईत बसला. तेथील कामगारवर्गाचा किंमत-निर्देशांक 1932-33 च्या कुटुंब-पाहणीवर आधारलेला होता, आणि 1933-34 च्या किमती 100 धरून तो वर्षानुवर्षे चालत राहिला. महागाई भत्ता या आकड्याला बांधलेला. बाजारातील दर आणि निर्देशांक यांचा मेळ बसेना, तेव्हा कामगारांनी आवाज उठविला आणि 1963 च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंद झाली. महाराष्ट्र शासनाने त्याच वर्षी प्रा. द. त्रं. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. निर्देशांक महागाई कमी दाखवीत आहे, असाच निष्कर्ष समितीने काढला. आकडा नुसत्या योगायोगाने चुकला असता, तर कधी कामगाराचे, कधी मालकाचे नुकसान झाले असते. येथे नुकसान एकाच बाजूचे होत होते.

2020 साली औद्योगिक कामगारांसाठी 2016 = 100 धरलेली नवी मालिका सुरू झाली. तिच्या पाहणीत 88 केंद्रे आणि 48,384 कुटुंबे होती. संख्या मोठी आहे, हे चांगलेच. तरीही आमचे विद्यार्थ्यांना सांगणे आहे की, कोणताही आकडा समोर आला म्हणजे तीन प्रश्न विचारावेत: चिठ्ठ्या कोणाच्या टाकल्या? सुटले कोण? आणि हिशेब केव्हाच्या संसारावर बसविला? परीक्षेत यांना गुण मिळोत वा न मिळोत. भत्त्याच्या वाटाघाटीला बसणाऱ्याला सूत्राइतकीच या प्रश्नांची गरज पडते.