जन्मजात किती, शिकवलेले किती?

मुलगा ताट उचलायला उठला, की आपल्या घरात कोणीतरी म्हणतेच, "राहू दे रे, ते तुझे काम नाही." मुलगी मोठ्याने हसली, की तिला डोळे दाखवले जातात. मग मोठेपणी आपणच म्हणतो, मुलगे असेच असतात, मुली तशाच असतात. यातले जन्मजात किती आणि आपण शिकवलेले किती?

या प्रश्नाचे चुकीचे उत्तर एका कुटुंबाला फार महागात पडले. १९६५ साली कॅनडातील विनिपेग शहरात जुळे मुलगे जन्मले. आठ महिन्यांचे असताना वैद्यकीय कारणासाठी खतना करताना विजेच्या उपकरणाने त्यांतला एक, ब्रूस, भाजला. त्याचे इंद्रिय कायमचे गेले. हवालदिल आईबाप बाल्टिमोरच्या जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाकडे गेले. लहान वयात जसे वाढवाल तसे मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी समजते, असे मनी यांचे मत होते. १९६७ मध्ये ब्रूसवर शस्त्रक्रिया झाली आणि तो 'ब्रेंडा' म्हणून वाढू लागला. खरे त्याला सांगायचे नाही, असे ठरले.

प्रयोग यशस्वी झाल्याचे मनी यांनी जगाला सांगितले. घरात मात्र वेगळेच चालले होते. फ्रॉक नकोसा वाटे, भावाची खेळणी हवीशी वाटत, शाळेत चेष्टा होई. १९८० मध्ये वडिलांनी सत्य सांगितले, तेव्हा चौदा वर्षांच्या त्या मुलाने पुन्हा मुलगा म्हणून जगायचे ठरवले आणि डेव्हिड हे नाव घेतले. पुढे त्याने आपली कहाणी जगासमोर मांडली. पण मनाची जखम भरली नाही. २००४ साली, ३८व्या वर्षी, त्याने आपले जीवन संपवले.

एका उदाहरणावरून सगळे सिद्ध होत नाही. तरी एवढे कळते, की मूल म्हणजे कोरी पाटी नव्हे. जन्मतः ते बरेच काही घेऊन येते.

पण म्हणून आपल्या प्रत्येक सवयीला 'निसर्ग' म्हणायचे का? स्वयंपाक हा बायकांचा उपजत गुण म्हणावा, तर लग्नाच्या दावतीत बिर्याणीची देग उतरवणारा बावर्ची पुरुष असतो. शिवणकाम बायकांचे म्हणावे, तर बाजारात मशीनवर बसलेले मास्टर पुरुषच. म्हणजे पैसे मिळाले की ते काम पुरुषाचे, घरात फुकट असले की बाईचे! हे निसर्गाने ठरवलेले नाही, आपण ठरवले आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) घरी काय करीत, असे ह. आयशा (रजि.) यांना विचारले गेले. ते घरच्यांच्या कामात हातभार लावीत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात, असे त्यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आहे. मग आपल्या मुलाच्या हातात झाडू आला तर त्याचे काय कमी होणार आहे?

मूल मुलगा की मुलगी, हे आपण ठरवत नाही. पण तो मुलगा बहिणीच्या कष्टांवर बसून खाणारा होईल की तिला हात देणारा, ती मुलगी मान खाली घालून जगेल की आपले म्हणणे मांडेल, ही तर्बियत मात्र आपल्याच हातात आहे. आज रात्री जेवण झाल्यावर दस्तरखान कोण उचलतो, तेवढे पाहूया.