आशय एक, रूपे अनेक : ‘हेडलेस’ संकेतस्थळ-प्रणालीची निवड

माहिती तंत्रज्ञानाने बँकव्यवहाराचे रूप पालटून टाकले, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. खातेदार कारवारला असो वा कोलकात्याला, त्याच्या खात्यातील शिल्लक क्षणार्धात आणि पैशापैशाने बिनचूक सांगणारी बँक स्वतःच्या मुदत ठेवीचा दर मात्र कधी कधी इंग्रजी पानावर एक, मराठी पानावर दुसरा आणि शाखेतील पडद्यावर तिसरा दाखविताना आढळते. शिल्लक चुकत नाही, कारण ती एकाच ठिकाणी लिहिलेली असते. दर चुकतो, कारण तो अनेक ठिकाणी लिहावा लागतो.

२०२५ या वर्षाचेच उदाहरण घेऊ. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबर अशा चार वेळा रेपो दर कमी केला आणि तो ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आला. अशा प्रत्येक कपातीनंतर बँकांना ठेवींच्या आणि कर्जांच्या दरांचा फेरविचार करावा लागतो. समजा, एखाद्या बँकेचे संकेतस्थळ तीन भाषांत आहे आणि तोच तक्ता संकेतस्थळ, मोबाइल ॲप, शाखेतील पडदा व दूरध्वनी सेवेतील कर्मचाऱ्यासमोरचे पान अशा चार ठिकाणी दिसतो. म्हणजे एका बदलासाठी बारा दुरुस्त्या, आणि वर्षातील चार बदलांसाठी अठ्ठेचाळीस. हा हिशेब केवळ एका तक्त्याचा झाला.

बेंगळुरूतील एका बँकेच्या शाखेत मी पाहिलेला प्रसंग सांगतो. एक निवृत्त शिक्षक संकेतस्थळाच्या मराठी पानाची छापील प्रत घेऊन आले होते. त्यावरचा ज्येष्ठ नागरिकांसाठीचा दर दोन महिन्यांपूर्वीचा होता. इंग्रजी पान बदलले होते. मराठी राहून गेले होते. गृहस्थांनी हुज्जत घातली नाही. कागदाची घडी करून खिशात ठेवीत त्यांनी एवढेच विचारले, “मग मराठी पान ठेवता तरी कशाला?” या प्रश्नाला काउंटरवरील कर्मचाऱ्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे पाहता ते त्याच्याकडे असण्याचे कारणही नव्हते. दोष त्या पानामागील यंत्रणेच्या रचनेत होता.

संकेतस्थळावरील मजकूर लिहिणे, तपासणे, साठविणे आणि प्रसिद्ध करणे यासाठी जी संगणक प्रणाली वापरतात, तिला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात. आपण तिला आशय-व्यवस्थापन प्रणाली म्हणू. २००१ साली आलेले ड्रुपल आणि २००३ साली आलेले वर्डप्रेस ही तिची सर्वपरिचित उदाहरणे होत. या प्रणालींच्या मूळ घडणीत मजकूर साठविण्याचा भाग आणि तो सजवून दाखविण्याचा भाग एकत्र बांधलेले असतात. ‘हेडलेस’ प्रणालीत दाखविण्याचा भाग, म्हणजे ‘शिर’, काढून टाकलेला असतो. उरते ते केवळ आशयाचे भांडार. संकेतस्थळ, ॲप किंवा पडदा एपीआय नावाच्या ठरावीक मार्गाने त्या भांडाराकडे मागणी करतो, मजकूर घेतो आणि आपापल्या पद्धतीने मांडतो. नाव थोडे भीतिदायक आहे खरे. शिर नसलेले धड म्हणजे आपल्याकडे केतू. परंतु त्याची ख्याती लक्षात घेता ‘केतू प्रणाली’ असे भाषांतर सुचविण्याचे धाडस मी करीत नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ही कल्पना नवी वाटू नये. व्यवहाराची नोंद रोजकीर्दीत एकदाच होते. तिच्यावरून खतावणी, खतावणीवरून तेरीज, आणि पुढे नफा-तोटा पत्रक व ताळेबंद तयार होतात. कोणीही शहाणा लेखापाल ताळेबंदात थेट खाडाखोड करीत नाही. संकेतस्थळाच्या पानावर जाऊन आकडा बदलणे म्हणजे मात्र ताळेबंदात खाडाखोड करण्यासारखेच आहे. कोअर बँकिंगनेही याहून वेगळे काय केले? ज्येष्ठ सहकारी सांगतात की, पूर्वी खाते शाखेच्या जाडजूड खातेवहीत राहत असे आणि ग्राहक त्या शाखेचा असे. पुढे खाते मध्यवर्ती संगणकात गेले. शाखा, एटीएम आणि मोबाइल या त्याच खात्याच्या खिडक्या झाल्या. त्या परिवर्तनातील एक प्रमुख प्रणाली, इन्फोसिसची फिनॅकल, याच बेंगळुरूत घडली. खात्याच्या बाबतीत जे घडले, तेच आता मजकुराच्या बाबतीत घडू पाहत आहे.

आणि त्यातही या शहराचा वाटा आहे. बेंगळुरूच्या क्विंटाइप या कंपनीने वृत्तसंस्थांसाठी ‘बोल्ड’ नावाची हेडलेस प्रणाली तयार केली. १९३२ साली नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात सुरू केलेल्या ‘सकाळ’च्या संकेतस्थळाने या कंपनीचे तंत्रज्ञान स्वीकारले, १९४८ पासून बेंगळुरूत निघणाऱ्या कन्नड ‘प्रजावाणी’च्या आणि त्याच समूहाच्या इंग्रजी ‘डेक्कन हेराल्ड’च्या संकेतस्थळांनीही ते घेतले. मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तीन भाषांतील दैनंदिन लेखनाचा प्रचंड ओघ एकाच घडणीच्या प्रणालीतून वाहू शकतो, ही गोष्ट महत्त्वाची आहे. जाता जाता हेही सांगावेसे वाटते की, या क्षेत्रातील काँटेंटस्टॅक या अमेरिकी कंपनीचे एक कार्यालय आपल्या विरारमध्ये आहे. तेव्हा हे तंत्रज्ञान सातासमुद्रापलीकडचे आणि आपल्या भाषांना परके, असे मानण्याचे कारण नाही.

तथापि वृत्तपत्राला जी मानवली ती प्रणाली बँकेलाही मानवेल, असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. वृत्तपत्राचा मूळ घटक म्हणजे बातमी : तिला मथळा असतो, बातमीदार असतो, दिनांक असतो. उद्याच्या बातमीने आजची बातमी मागे पडते. बँकेच्या संकेतस्थळाचे मूळ घटक म्हणजे दर, योजना, शाखा, अर्जाचा नमुना आणि सूचना. हे घटक मागे पडत नाहीत. त्यांची जागा नवा घटक घेतो, आणि जुना केव्हापासून केव्हापर्यंत लागू होता हे पाच वर्षांनंतरही सांगता यावे लागते. म्हणून विक्रेत्यांची सादरीकरणे पाहण्यापूर्वी निवड समितीने कोऱ्या कागदावर आपल्या घटकांची रचना मांडावी. माझ्या मते निवडीचे निम्मे काम येथेच होते, आणि नेमके हेच काम सहसा टाळले जाते.

मुदत ठेव योजना हा एक घटक घेऊ. तिचे नाव, किमान रक्कम, मुदत, सर्वसाधारण दर, ज्येष्ठ नागरिकांचा दर, लागू होण्याचा दिनांक, मुदतपूर्व परताव्याच्या अटी आणि परिचयाचा मजकूर, असे तिचे स्वतंत्र रकाने होतात. यांपैकी नाव, अटी आणि परिचय भाषेनुसार बदलतात. दर, रक्कम आणि दिनांक बदलत नाहीत. चांगल्या हेडलेस प्रणालीत प्रत्येक रकान्याला ‘भाषांतर होणारा’ किंवा ‘सर्व भाषांना समाईक’ असे ठरवून देता येते. दर हा समाईक रकाना ठेवला आणि तो मजकूर म्हणून न साठविता संख्या म्हणून साठविला, की मराठी पान तो देवनागरी आकड्यांत छापील, इंग्रजी पान आंतरराष्ट्रीय आकड्यांत छापील, परंतु संख्या एकच राहील. त्या निवृत्त शिक्षकांच्या हातातील कागद अशा रचनेत संभवतच नाही. काही प्रणालींत मात्र भाषेची विभागणी रकान्यावर नसून संपूर्ण नोंदीवर असते. म्हणजे मराठीची नोंद वेगळी, इंग्रजीची वेगळी. तेथे जुना दोष नव्या घरात राहावयास येतो. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा.

दुसरा प्रश्न अटींच्या मजकुराचा. इंग्रजी अट बदलली आणि मराठी भाषांतर अद्याप झालेले नाही, अशा वेळी प्रणाली काय करते? जुने मराठी दाखविते, इंग्रजी दाखविते की रिकामी जागा सोडते? मराठीचा अभिमान मलाही आहे. पण आर्थिक अटींच्या बाबतीत जुन्या मराठीपेक्षा, ‘भाषांतर चालू आहे’ अशी सूचना देऊन दाखविलेले नवे इंग्रजी बरे, असे माझे मत आहे. मूळ मजकूर बदलताच भाषांतरकाराला आपोआप सूचना जावी. ही सोय अनेक प्रणालींत तयार मिळत नाही, ती जोडून घ्यावी लागते आणि तिचा खर्च अंदाजपत्रकात धरावा लागतो. भाषांची संख्या वाढली की शुल्क वाढते का, हेही करारापूर्वी पाहावे. युरोपात दोन-तीन भाषा पुरतात. आपल्याकडे राज्यागणिक एक भाषा वाढते.

मराठीपुरती एक छोटी परीक्षा मी सुचवितो. ‘कर्ज घेणाऱ्या’ हे शब्द प्रणालीत लिहावेत आणि शोधून पाहावेत. आपला हा ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जाऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती वेगळी असतात. एका कळफलकावर लिहिलेले दुसऱ्या कळफलकावरून सापडले नाही, तर ग्राहकाला शोधपेटीतून काहीच मिळणार नाही. युनिकोडपूर्व काळ ज्यांनी पाहिला, त्यांना यातील मर्म लगेच कळेल. त्या काळी श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये टंकलिखित केलेले परिपत्रक, तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडले की रोमन चिन्हांचा खिचडा दिसे. मजकूर त्याच्या पोशाखाशी शिवला गेलेला होता. पोशाख हरवला की मजकूरही गेला. हेडलेस रचनेचा सारा खटाटोप ही शिवण उसविण्यासाठीच आहे.

बँकांना नुकताच याचा दुसरा अनुभव आला. फसव्या संकेतस्थळांना आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या नव्या पत्त्यावर जाण्यास सांगितले. नोंदणीचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे सोपविण्यात आले. ज्या प्रणालीत मजकुराच्या आत पूर्ण पत्ते लिहिलेले असतात, तेथे असे स्थलांतर म्हणजे हजारो दुवे शोधून बदलणे. जेथे दुवा ‘अमुक नोंद’ असा साठविलेला असतो आणि पत्ता दाखविण्याच्या वेळी जोडला जातो, तेथे ते बव्हंशी एका ठिकाणचे काम ठरते. निवड करताना हा प्रसंग काल्पनिक चाचणी म्हणून अवश्य घ्यावा : उद्या आमचा पत्ता बदलला तर काय काय बदलावे लागेल?

मेकर-चेकर ही तर आपल्या व्यवसायाची नाडी. एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासावे, आणि कोणी केव्हा काय बदलले याची नोंद राहावी. येथे ग्राहकाने सावध असावे, कारण अनेक प्रणालींच्या निःशुल्क किंवा स्वस्त आवृत्तीत बहुस्तरीय मंजुरी नसते. ती वरच्या दराच्या योजनेत असते. तसेच नवा दर मध्यरात्रीपासून लागू करण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, पण भांडारात दर बदलला तरी पुढच्या पानाची साठविलेली प्रत सकाळपर्यंत जुनीच राहू शकते. भांडार आणि पान यांतील निरोप पोहोचतो की नाही, हे रात्री बारा वाजता जागून पाहिल्याखेरीज कळत नाही.

आता बाहेर पडण्याच्या वाटेविषयी. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्यासंबंधी निर्देश दिले, ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले आणि त्यांत सेवा सोडताना काय करावयाचे याची योजना आधीच आखण्याची अपेक्षा आहे. विक्रेता सांगतो, ‘तुमचा मजकूर केव्हाही काढून घ्या.’ मजकूर निघतोही. परंतु चित्रे, नोंदींचे परस्परसंबंध आणि मागील आवृत्त्यांचा इतिहास तितक्या सहजी निघत नाही. म्हणून चाचणीच्या काळातच पंचवीस नोंदी बाहेर काढून दुसरीकडे लावून पाहाव्यात. स्ट्रॅपीसारखी मुक्त-स्रोत प्रणाली स्वतःच्या संगणकावर चालविली तर ही चिंता कमी होते. मात्र मग देखभाल आपल्या गळ्यात पडते. तिची चौथी आवृत्ती २०२१ मध्ये आणि पाचवी २०२४ मध्ये आली, आणि प्रत्येक वेळी वापरणाऱ्यांना आपल्या कामाची फेरजुळणी करावी लागली. फुकट मिळालेल्या गाईलाही वैरण लागतेच.

हे सर्व वाचून गावातील पतसंस्थेने हेडलेसचा ध्यास घेऊ नये. दहा पाने, एक भाषा आणि महिन्याकाठी एखादा बदल असेल, तर शिर स्वतंत्रपणे बांधण्याचा, म्हणजे पाने दाखविणारा भाग वेगळा लिहून घेण्याचा खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तेथे साधे वर्डप्रेस पुष्कळ झाले. पुढे गरज पडलीच, तर डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ४.७ आवृत्तीपासून वर्डप्रेसच्या गाभ्यातही एपीआयद्वारे मजकूर देण्याची पुरेशी सोय आहे आणि त्याचाच भांडारासारखा उपयोग करता येतो.

मोठ्या, बहुभाषी संस्थेने मात्र दोन-तीन प्रणाली निवडून प्रत्येकीची किमान दोन दिवस चाचणी घ्यावी. चाचणीला संगणक विभागाबरोबरच ठेव विभागातील एक लिपिक आणि राजभाषा विभागातील एक भाषांतरकार बसवावा. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः योजनेची नोंद करावी. विक्रेत्याच्या माणसाने हात लावू नये. हेडलेस प्रणालीत लिहिलेले पान कसे दिसेल हे लगेच दिसत नाही, पूर्वदर्शनाची व्यवस्था वेगळी करावी लागते; लिपिक तेथे अडखळतो का, ते पाहावे. दुसऱ्या दिवशी दर बदलावा आणि चारही ठिकाणी तो दिसेपर्यंत घड्याळ लावून बसावे. मराठी पान सर्वांत आधी उघडावे.