अंगावर पाजणारी आई आणि उलटीची गोळी

पिंपरी-चिंचवडच्या वस्तींत असा प्रसंग कोणत्याहि घरीं येऊं शकतो. मुलगा चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळीस गेलेला. तान्हें तीन महिन्यांचें. आणि मध्यरात्रीं सूनबाईंस ओकाऱ्या सुरू होतात. सासूबाई म्हणतात, "आज त्याला अंगावर घेऊं नकोस, दूध बाधेल." जाऊबाई कपाटांतून मागें उरलेली उलटीची गोळी काढून देतात. दोघींच्याहि मनांत मायाच असते. परंतु दोन्ही सल्ले तपासून घेण्याजोगे आहेत.

प्रथम दुधाविषयीं. अन्न बाधल्यानें किंवा जुलाब-ओकारीच्या सांथीनें आई आजारी पडली, म्हणून तिचें दूध नासत नाहीं. उलट, त्या रोगाशीं झगडणारीं द्रव्यें दुधावाटे बाळास मिळतात. पाजणें एकाएकीं थांबविलें तर स्तन दाटून ठणकतात, दूध आटूं लागतें, आणि वरच्या दुधाच्या बाटलीबरोबर जुलाबांचें भय घरांत येतें. तेव्हां हात साबणानें धुवून पाजीत राहावें, आणि पुडीवर सांगितलेल्या मापाच्या पाण्यांत कालविलेली जलसंजीवनी आईनें घोटाघोटानें घ्यावी. पुष्कळदां एवढ्यानेंच भागतें.

आतां गोळीविषयीं. ज्या पिंपरींत १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढील वर्षीं पेनिसिलीन तयार होऊं लागलें, तेथील लोकांस औषधाची महती सांगावयास नको. परंतु औषध जितकें गुणी, तितकें तें नांव व मात्रा जाणूनच घ्यावें. बहुतेक औषधांचा कांहीं अंश दुधांत उतरतो. वजनाच्या मानानें आईच्या मात्रेच्या शेंकडा १० हून कमी अंश बाळास पोंचत असेल, तर तें औषध सामान्यतः चालण्याजोगें समजतात.

ऑनडॅनसेट्रॉन हें औषध डॉक्टर लहान मुलांनाहि ओकारीवर देतात. पाजणाऱ्या आईस तें थोडे दिवस चालतें, मात्र डोकें दुखणें व मलावरोध हे त्रास होतात. डोम्पेरिडोन दुधांत फारच थोडें उतरतें. परंतु त्यानें हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा संभव असतो. म्हणून युरोपच्या औषध-नियामक संस्थेनें २०१४ सालीं प्रौढांसाठीं दिवसांतून तीन वेळां १० मिलिग्रॅम व सहसा एका आठवड्यापर्यंतच, अशी मर्यादा घातली. आम्लपित्ताच्या पुष्कळ गोळ्यांत हेंच मिसळलेलें असतें. तेव्हां एकच औषध नकळत दोनदां पोटांत जाऊं शकतें. दूध वाढावें म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून तें घेणें तर सर्वथा गैर. मेटोक्लोप्रमाइडनें कांहीं बायकांचें मन खिन्न होतें. बाळंतपणानंतर उदास झालेल्या स्त्रीनें तें टाळावें. प्रोमेथाझिननें गुंगी येते. तें घेतलेल्या आईनें बाळास कुशींत घेऊन झोपूं नये, आणि दोन वर्षांखालील मुलास तें कधींहि देऊं नये.

डॉक्टरांस बाळाचें वय, तें अपुऱ्या दिवसांचें आहे काय, आईला हृदयविकार आहे काय, आणि चालू असलेलीं सर्व औषधें सांगावीं. बाळ नेहमींपेक्षां अधिक झोपूं लागलें, ओढून पिईना, तर त्वरित कळवावें.

शेवटीं एक गोष्ट विसरूं नये. ओकारी हा रोग नव्हे, रोगाची खूण होय. अंगावर पाजीत असतांहि पुन्हां दिवस राहतात. बाळंतपणानंतर दीड महिन्याच्या आंत ओकारीसह डोकें फार दुखलें, डोळ्यांपुढें अंधारी आली, तर रक्तदाब वाढल्याचा संशय घ्यावा. रक्त पडूं लागलें, लघवी थांबली किंवा शुद्ध हरपूं लागली, तरीहि गोळी शोधीत बसूं नये. १०८ क्रमांकास दूरध्वनि करून रुग्णालय गांठावें. सकाळीं मुलगा पाळीवरून परतण्याची वाट पाहूं नये. कपाटांतली उरलेली गोळी मात्र आजच टाकून द्यावी.